पाठ टेकल्यानंतर

उंटरशेखेन, १२ जुलै २०२२

रेगुला,

अक्षर ओळखलं असशील. पाकीट चुलीत टाकायच्या आधी एवढं वाच. अकरा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितोय ती विम्याबद्दल. तू म्हणशील, या माणसाला बोलायला हाच विषय सापडला का? हो, हाच सापडला.

परवा रविवारी तू आईशी फोनवर बोलत होतीस, तेव्हा मी नेहमीसारखा बाहेर बाकावर पाइप ओढत बसलो होतो. खिडकी नेहमीसारखी उघडी होती. ती तुझी आईच उघडी ठेवते. मी तिला कधी तसं सांगितलेलं नाही आणि तिनंही मला कधी काही विचारलेलं नाही. अकरा वर्षं तुझ्या खुशालीतली निम्मी बाजू मी त्या खिडकीतून ऐकतो.

तर विमा कार्यालयानं तुझ्या गुडघ्याचा खर्च नाकारला. तू पाठवलेला त्यांचा कागद आईनं मोठ्यानं वाचला. त्यात तुला विचारलं होतं, ‘घटनेच्या वेळी नेहमीपेक्षा वेगळं काही घडलं का? उदाहरणार्थ घसरणे, अडखळणे, आदळणे.’ आणि तू लिहिलंस, ‘नाही. फ्लाविया नेफनं मला चोख डावावर चीत केलं. गुडघा मार्चपासून अधूनमधून दुखत होता.’

आई फोनवर ओरडली, “अगं, असं लिहितं का कुणी!” आणि मी बाहेर मांडीवर थाप मारली. पाइपमधला निखारा पँटवर पडला, भोक पडलं. तुझ्या आईनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, माशी मारत होतो. खरं सांगतो, इतका ताठ होऊन मी त्या बाकावर कधी बसलो नव्हतो.

पण ताठ बसून तुझा गुडघा शिवला जाणार नाही. तुला कायदा शिकवायला मी कोण, तरी लिहितो. आठवड्याला आठ तास पगारी काम करणारा प्रत्येक माणूस आपल्याकडे अपघात विम्यात असतो. कामावर पडला तरी, आणि रविवारी बर्फात घसरला किंवा आखाड्यात हाड मोडून घेतलं तरी. दवाखान्याचा सगळा खर्च आणि तिसऱ्या दिवसापासून ऐंशी टक्के पगार. पण अपघात कशाला म्हणायचं ते मात्र ते ठरवतात. अचानक, बाहेरून, आणि नेहमीपेक्षा वेगळं काहीतरी घडलं पाहिजे. कुस्तीत पाडलं जाणं हे कुस्तीतलं रोजचंच. वेगळं काही घडलं नाही असं तू स्वतःच्या हातानं लिहून दिलंस, वर मार्चपासून दुखतं असंही सांगितलंस. मग त्यांनी म्हटलं, ही झीज आहे, आजारपणाच्या विम्याकडे जा. तिथे पहिले अडीच हजार फ्रँक तुझ्या खिशातले, आणि तुझा तो सुतारमालक व्युट्रिश घरी बसल्याचा पगार देणार फार तर काही आठवडे.

आई म्हणते, तू ऑपरेशनच रद्द करतेयस. पट्टी बांधून तशीच छपरावर चढणार आहेस. रेगुला, फाटक्या गुडघ्यावर तुळया वाहिल्यास तर वर्षभरात कुस्ती तर जाईलच, छप्परही जाईल. तीस दिवसांत हरकत घेता येते, म्हणजे ७ ऑगस्टपर्यंत.

शेजारचा टोनी हेर्गर जूनमध्ये तुझ्या त्या कुस्तीच्या दिवशी मैदानावर होता. तो सांगत होता की तुझी पाठ टेकल्यानंतर तुझा डावा पाय पाण्याच्या नळीत अडकला होता. तेवढं त्यांना कळव. बाकी मला काही म्हणायचं नाही.

काश्पर बिसिग

 

उंटरशेखेन, १८ जुलै

रेगुला,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. एकच ओळ, पण अक्षर आजीसारखं, खिळे ठोकल्यासारखं. ‘बाबा, टोनी जूनभर मुलीकडे इटलीत होता. तुला कुणी सांगितलं?’

पोस्टमननं कार्ड आईच्या हातात दिलं. तिनं ते वाचलं, माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि म्हणाली, “काश्पर, खोटं बोलायचं तर निदान शेजाऱ्याची सुट्टी तरी विचारून घ्यावी.”

बरं. मी होतो तिथे.

मी गेलो ते गाईसाठी. मैदानाच्या समितीनं बक्षिसाची कालवड माझ्याकडून विकत घेतली होती आणि मिरवणुकीत तिला हाताळायला तिच्या ओळखीचा माणूस हवा होता. घरातून निघताना आईला मी हेच सांगितलं, वाटेत स्वतःलाही सांगितलं. कालवड पहिल्या नंबराला द्यायची होती. रस्ताभर मी तिचा दोर धरून विचार करत होतो, ही माझ्या मुलीच्या गोठ्यात गेली तर मी काय तोंड दाखवू.

चीजच्या दुकानामागे उभा राहिलो. तिथून पश्चिमेकडचा आखाडा दिसतो. तू आलीस. गोणपाटाची चड्डी पँटवर चढवलीस, दोऱ्या बांधल्यास, फ्लावियाशी हात मिळवलास. मी दुकानदाराकडून उगाच पाव किलो चीज घेतलं, कारण नुसतं उभं राहायला लाज वाटत होती. ते चीज मी अजून खाल्लेलं नाही.

तू पहिली तीन मिनिटं तिला उचलू दिलं नाहीस. एकदा तर तूच तिला हवेत घेतलंस आणि माझ्या तोंडून आवाज निघाला. दुकानदार म्हणाला, “तुमची कोण?” मी म्हणालो, “कुणी नाही, ओळखीची.” हे वाक्य मला गेला दीड महिना टोचतंय, म्हणून इथे लिहून टाकतो.

मग तिनं आतून पाय घातला आणि तू गेलीस. दोन्ही खांदे आखाड्यातल्या लाकडाच्या भुशात. पंचानं हात वर केला. तिथे कुस्ती संपली. हे नीट वाच, कुस्ती संपली. त्यानंतर तू उठायला कड बदललीस, तुझी डावी टाच भुशाखालच्या नळीच्या वेटोळ्यात गेली होती, आणि त्याच क्षणी पलीकडच्या टोकाला कुणीतरी शेजारच्या आखाड्यावर पाणी मारायला नळी ओढली. तुझा पाय एकीकडे गेला, तू दुसरीकडे. तू ओरडली नाहीस. मला मात्र तिथे दुकानामागे दुखलं.

तरी तू उभी राहिलीस. जिंकणाऱ्यानं हरलेल्याची पाठ झटकायची या रिवाजाप्रमाणे फ्लावियाला तुझ्या पाठीवरचा भुसा झटकू दिलास, मान वर करून. मग लंगडत बाहेर गेलीस. चीजच्या दुकानामागे एक म्हातारा दोर धरून रडतोय हे फक्त कालवडीला माहीत होतं, आणि तिनं कुणाला सांगितलेलं नाही.

हे सगळं त्या कार्यालयाला लिही. खरं आहे ते.

काश्पर

 

उंटरशेखेन, २४ जुलै

रेगुला,

या वेळी चार ओळी आल्या. प्रगती आहे. तू लिहितेस, ‘काहीतरी ओढलं होतं, मला कळलं होतं. पण हरल्यावर असं कोण सांगतं? फ्लावियाच्या विजयाला नळी लावायची नाही. विषय संपला.’

विषय संपलेला नाही, कारण तो माझ्यापासून सुरू झालाय. तुला एक गोष्ट सांगतो, जी तुझ्या आईलाही अर्धीच माहीत आहे.

१९८६ साली मी लाकडाच्या वखारीत पगारावर होतो आणि मुओटाटालच्या मेल्क बेटशार्टशी लढलो. शेवटची लढत, सहा हजार माणसं. त्यानं मला असं उचलून टाकलं की माझा खांदा निखळला. त्याच्या आयुष्यातली सर्वांत सुंदर कुस्ती होती ती. नंतर मलाही असाच कागद आला, वेगळं काही घडलं का विचारणारा. मी लिहिलं, ‘भुसा ओला होता, माझा पाय घसरला.’

पाय घसरला नव्हता, रेगुला. भुसा कोरडा ठणठणीत होता.

पैशासाठी लिहिलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. मी लिहिलं ते लाज झाकायला. पैसे आले, खांदा बसला, पण आपलं खोरं केवढं ते तुला माहीत आहे. कार्यालयातल्या बाबूची बहीण, बहिणीचा दीर, दिराची दूध डेअरी. महिन्याभरात मेल्कच्या कानावर गेलं. आल्टडोर्फच्या गुरांच्या बाजारात तो समोर आला, टोपी काढली आणि म्हणाला, “घसरलास म्हणे.” एवढंच. पुन्हा कधी बोलला नाही. तीन वर्षांपूर्वी गेला, मी मयतीलाही गेलो नाही. मी आयुष्यभर घसरलेला माणूस राहिलो.

आणि मग एके दिवशी माझी एकोणीस वर्षांची मुलगी पहिली कुस्ती जिंकून घरी आली आणि मी जेवणाच्या टेबलावर म्हणालो की भुशात बायकांचं काय काम, लोक हसतात. लोक हसत नव्हते. ज्या जागेबद्दल मी खोटं बोललो होतो तिथे तू उभी राहावीस हे मला सोसवत नव्हतं. तू अर्धे बटाटे ताटात टाकून उठलीस. मी तुला थांबवायला हवं होतं. मी मीठ मागितलं.

म्हणून सांगतो, तू त्या कागदावर ‘नाही’ लिहिलंस ना, ते ऐकून मला वाटलं की आपल्या घराण्याची पाठ सदतीस वर्षांनी... नाही, छत्तीस. छत्तीस वर्षांनी कुणीतरी झटकली. मला तुझा अभिमान वाटतो. हे मी आजवर कुणाला लिहिलेलं नाही, त्यामुळे नीट लिहिता आलं नसेल.

पण तुझं ‘नाही’ अर्धंच खरं आहे. मी न घडलेलं लिहिलं, तू घडलेलं लिहिलं नाहीस. तुझ्यात आणि माझ्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तरी कार्यालयात दोन्ही कागद खोटेच ठरतात. फ्लावियाचा विजय पंचाचा हात वर गेला तेव्हाच पुरा झाला होता. नळी नंतर आली. क्रम नीट लिहिला तर तिचं काही जात नाही, तुझा पाय तेवढा वाचतो.

तुला तिचीच काळजी असेल तर मी तिलाच विचारतो. शुक्रवारी टोगनबुर्गला जातोय. आईनं सदरा इस्त्री केलाय.

बाबा

 

उंटरशेखेन, ३० जुलै

रेगुला,

जाऊन आलो. तीन गाड्या आणि एक बस बदलली, आणि फ्लावियाला गाठलं तेव्हा ती दुधाच्या टँकरखाली आडवी होऊन कसलासा नट पिळत होती. फक्त बूट दिसत होते. मी बुटांशीच बोलायला सुरुवात केली.

“मी बिसिग. रेगुलाचा बाप.”

बूट हलायचे थांबले. “रेगुला म्हणते तिचे वडील बोलत नाहीत.”

“आज बोलायला आलोय.”

मग ती बाहेर आली. माझ्याहून उंच आहे. तोंडावर तेल. मी जे पाहिलं ते सगळं सांगितलं, टाच, वेटोळं, ओढलेली नळी. ती हात पुसत ऐकत होती.

“एकच विचारते,” ती म्हणाली. “तिची पाठ टेकली होती का?”

“दोन्ही खांदे. तुमची पकड चड्डीवर होती, नियमाप्रमाणे. पंचाचा हात वर गेला, मग नळी.”

“कुणी म्हणालं, फ्लावियाला नळीनं जिंकवलं, तर?”

“तर त्याला माझ्याकडे पाठवा. तुम्ही माझ्या मुलीला स्वच्छ हरवलंत. मी पाहिलं. त्या डावाला मीसुद्धा पडलो असतो.”

ती हसली. म्हणाली, “तुम्ही आता कशालाही पडाल, काका.” मग हसू गेलं. “नळी मला दिसली होती. मीच तिच्या टाचेतून काढली. पण जिंकल्यावर ते कोण सांगतं? मला वाटलं, ती सांगेल. तिनं सांगितलं नाही, तेव्हा मला झोप लागेना.”

बघ म्हणजे. तुम्ही दोघी एकमेकींचा मान राखत गप्प बसलात आणि मध्ये गुडघा गेला. कार्यालयाला वाटलं, काही घडलंच नाही. असला वेडेपणा आपल्या आखाड्याबाहेर कुणी करणार नाही, आणि मला तो कुणी बदलूही नये असं वाटतं.

मी लिहून नेलेला साक्षीचा कागद तिनं दोनदा वाचला. ‘पाठ टेकल्यानंतर’ या शब्दांखाली तिनं स्वतःच्या पेननं रेघ मारली, मग टँकरच्या मडगार्डवर ठेवून सही केली. एका कोपऱ्यात तेलाचं बोट उमटलंय, ते तसंच पाठवतोय.

तुझ्या नावानं हरकतीचा कागदही लिहून सोबत ठेवलाय, आता त्यावर तुझी सही हवी. तू हरकत घेतली नाहीस तर आमच्या कागदांना कुणी विचारणार नाही. ‘चोख डावावर चीत केलं’ हे तुझं वाक्य वर तसंच ठेवलंय. त्यातला एक शब्द मी हलवलेला नाही. खाली फक्त नळी आहे.

सात तारीख रविवारी येतेय. शुक्रवारी पोस्टात पडलं पाहिजे.

बाबा

 

उंटरशेखेन, २१ सप्टेंबर

रेगुला,

तू सही करून पाठवलंस ते आईकडून कळलं होतं. मला काही लिहिलं नाहीस, मी वाट पाहत होतो. असू दे. निकालाचं पत्र तुझ्याकडे आलंय आणि ऑपरेशन ४ ऑक्टोबरला आहे, हे काल खिडकीतून कळलं. सगळा खर्च त्यांचा, नंतरचा व्यायामही, आणि जूनपासूनचा पगार. मी आत गेलो. आईनं मला पाहिलं, फोन कानापासून दूर धरला आणि तुला म्हणाली, “थांब, एक माशी मारणारा माणूस आलाय.” मी पाइप विसरल्याचं सांगून पुन्हा बाहेर गेलो. 

मधे काय झालं ते तुला माहीत नाही, ते सांगतो. ऑगस्टच्या शेवटी कार्यालयातून इंडरबित्सिन नावाच्या साहेबांचा फोन आला. आवाज तरुण, वागणं अदबीचं. माझ्या मागे आई उभी, हातात पळी.

“श्री. बिसिग, आपण साक्षीदार आहात आणि वडीलही. त्यामुळे काही गोष्टी विचाराव्या लागतात.”

“विचारा.”

“आपण लिहिलंय की आपल्या मुलीची उठण्याची पद्धत ठरलेली आहे, डाव्या कडेवरून, आणि त्या दिवशी ती अर्ध्यातच थांबली. ही पद्धत आपल्याला माहीत आहे, म्हणजे आपण तिच्या बऱ्याच कुस्त्या पाहिल्या असतील. साधारण किती?”

रेगुला, ते वाक्य मी लिहिलं होतं. तू लहानपणी गवतावरून तशी उठायचीस त्यावरून लिहिलं होतं. मला ते बरोबर वाटलं होतं. आता तो माणूस आकडा मागत होता. आई मागून कुजबुजली, “सगळ्या म्हण. काश्पर, सगळ्या म्हण, कोण मोजायला येतंय!” आणि खरंच कुणी आलं नसतं. तीस म्हटलं असतं तर साक्ष पक्की, तुझा पाय पक्का. कागद भरायचा म्हणून एक लहानसं खोटं, मुलीसाठी. पहिल्या वेळी तर मी स्वतःसाठी बोललो होतो.

मी म्हणालो, “एक.”

“माफ करा?”

“एक. अकरा वर्षं लढतेय ती. मी एकच पाहिली, आणि ती त्यात हरली. ते उठण्याचं वाक्य खोडा. ते मला तिच्या लहानपणावरून माहीत आहे, आखाड्यातलं नाही.”

आईनं पळी ओट्यावर आपटली. मला वाटलं, गेलं. माझ्या खरेपणापायी पोरीचा पाय गेला.

मग तो म्हणाला, “एकच पाहिलीत, तर मग नळी, टाच, पंचाचा हात, हा सगळा क्रम आपल्याला इतका खात्रीनं कसा आठवतो?”

“एकच पाहिली म्हणून, साहेब. पापणीसुद्धा लववली नव्हती.”

तो काहीतरी लिहीत होता, पेनाचा आवाज येत होता. म्हणाला, कुमारी नेफ यांनीही अगदी हाच क्रम सांगितला आहे, आभारी आहे. फोन ठेवला. आई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता पळी माझ्या डोक्यात. तर तिनं खुर्ची ओढली, मला बसवलं आणि सूप वाढलं. कोंबडीचं, तेही बुधवारी.

आता ते सगळे कागद तुझ्या फाइलमध्येही असतील. साक्षीदाराचं नातं: वडील. याआधी पाहिलेल्या कुस्त्या: एकही नाही. सरकारी छाप्यात माझी अकरा वर्षं एका रकान्यात मावली. वाच आणि जपून ठेव, मी नाकारणार नाही.

डॉक्टर म्हणाले म्हणे, पुढच्या जूनपर्यंत आखाड्यात उभी राहशील. मला मैदानाचं नाव आणि तारीख कळव. तिकीट मी माझं काढीन, पहिल्या रांगेतलं, आणि शेजारच्यानं विचारलं तर सांगीन, माझी मुलगी. जिंकलीस तर मला टाळ्या वाजवायची सवय नाही, शिकावं लागेल. हरलीस तर काळजी करू नकोस. तू कशी हरतेस ते मी पाहिलंय.

तुझा बाबा